समासातली हिरवी पेन्सिल

३ जानेवारी

हिनं माझं नाव वाचनालयात दिलं, मला न विचारता. वर्षभरात बारा ऐतिहासिक कादंबऱ्या, महिन्याला एक, एका घरातल्या दोन माणसांनी वाचायच्या. दोघांची वाचून झाली की घराच्या कार्डावर एक शिक्का. बारा शिक्के झाले की काय, तर एक कापडी पिशवी आणि टाळ्या. म्हटलं, दुसरं माणूस कोण? "त्याचं मी बघते," ही म्हणाली. हिला वर्तमानपत्राचा मथळा संपायच्या आत झोप लागते. चौतीस वर्षं बघतोय.

कार्ड ग्रंथपालबाईंच्या खणात राहणार. पुस्तक मी आणायचं, पंधरा तारखेपर्यंत वाचून जेवणाच्या टेबलावर ठेवायचं आणि महिनाअखेर मीच परत न्यायचं, असं ठरलं. म्हणजे हिनं ठरवलं.

निवृत्त होऊन तेहतीस दिवस झाले. डेपोत सदतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं केली. लोक मला मिनिटकाका म्हणायचे, मागून आणि नंतर तोंडावरही. काम नसल्यानं माणूस इतका थकतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठतो तोच दमलेला असतो.

१९ जानेवारी

पहिली कादंबरी संपवली. सहाशे पानं. त्यातली दोनशे नुसती तलवारींच्या मुठींवर गेली आहेत.

८ फेब्रुवारी

दुसरी सुरू. पान ४४ वर एक जासूद संध्याकाळी निघतो आणि पहाटे ऐंशी कोसांवर पोचतो. मी कागद घेऊन हिशोब मांडला. घोडा चांगला धरला, रस्ता सपाट धरला, तरी बसत नाही. राहवेना, म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं: "अशक्य. वाटेत किमान चार वेळा घोडा बदलावा लागेल. लेखकानं एकदाही बदललेला नाही. घोडा मरेल."

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मलाही कळतं. पण चुकीचं वेळापत्रक समोर आलं आणि दुरुस्त न करता पुढे गेलो, असं आयुष्यात कधी झालेलं नाही.

२७ फेब्रुवारी

पुस्तक परत करायला नेताना सहज चाळलं. माझ्या शेऱ्याखाली हिरव्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "नाही मेला. पुढच्या पानावर गवत खातोय."

रस्त्यात उभा राहून हसलो. हिनं चक्क वाचलं की. अक्षर बारीक आणि सुबक आहे. हिचं अक्षर आताशा पाहिलेलंच नाही. घरातल्या याद्यासुद्धा ती तोंडी सांगते. घरी येऊन काही बोललो नाही. बोललो की ही थट्टा करेल आणि लिहायचं बंद करेल.

१४ मार्च

लेकीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं.

ती मागच्या खोलीत राहते. येऊन चौदा महिने झाले. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. काही आठवडे सकाळची पाळी, काही आठवडे दुपारची. माझ्याशी बोलते ते इतकंच: "चावी ठेवलीय." "दार लावून घ्या." "गॅसवाला येऊन गेला." मी मोजलं, आठवड्याला सरासरी चार वाक्यं. भांडण नाही, आदळआपट नाही. मी बैठकीत आलो की तिला काहीतरी काम आठवतं, एवढंच.

फ्रिजमध्ये तिच्या डब्यांवर, बाटल्यांवर ती लॅबमधल्या मेणाच्या पेन्सिलीनं खुणा करते. काचेवर, प्लास्टिकवर, कशावरही उमटते म्हणे. घरभर त्या हिरव्या पेन्सिलीचे तुकडे सापडतात. ही पण तीच उचलून वापरत असणार.

३० मार्च

तिसऱ्या पुस्तकात राजाचा सेनापती लढाईत मरतो. मरण्यापूर्वी अकरा पानं बोलतो. मी लिहिलं होतं: "एवढी जखम असताना जास्तीत जास्त दोन मिनिटं." खाली हिरव्या अक्षरात: "रडायच्या ठिकाणीही तुम्ही घड्याळ बघता."

बायकोकडून हे ऐकून घ्यायची सवय आहे. तरी थोडं लागलं.

२२ एप्रिल

गुडघे दुखतात. डोळे दुखतात. डेपोतून फोन आला होता. त्यांनी वेळापत्रकं आता संगणकावर टाकली आहेत, आणि संगणकानं एकाच ड्रायव्हरला एकाच वेळी दोन गाड्यांवर बसवलंय. म्हटलं, मी वाचतोय, वेळ नाही. फोन ठेवल्यावर बरं वाटलं, मग दिवसभर वाईट वाटलं.

चौथ्या पुस्तकात समुद्रप्रवास आहे. मी भरती-ओहोटीच्या चुका काढल्या, हिरव्या पेन्सिलीनं नायिकेची बाजू घेतली. आता पुस्तकापेक्षा समासच मन लावून वाचतो. ही एवढं बोलकं लिहील असं वाटलं नव्हतं. समोर बसली की आम्ही दोघं भाजी महाग झाली यापलीकडे जात नाही.

११ जून

सहावं पुस्तक किल्ल्याच्या पहारेकऱ्याचं. संध्याकाळची तोफ झाली की दरवाजा बंद, मग राजा आला तरी उघडायचा नाही, असा हुकूम. एका संध्याकाळी त्याची स्वतःची मुलगी धावत येते. मागे शत्रूचे स्वार. तोफ नुकतीच झालेली असते. तो उघडत नाही.

मी लिहिलं: "नियम कठोर असला तरी पहारेकऱ्याचं बरोबर आहे. एकीसाठी उघडला तर दरवाजाला अर्थ राहत नाही."

पुस्तक आज टेबलावर ठेवलं.

१७ जून

पुस्तक लवकरच वाचून झालेलं दिसतं. टेबलावर परत आलं. माझ्या शेऱ्याखाली एकच प्रश्न आहे: "दार उघडायला किती वेळ लागला असता?"

प्रश्न वेळेचा असल्यामुळे मी उत्तर दिलं. पुस्तकात वर्णन आहे, दोन माणसं, एक लाकडी अडसर, दोन साखळ्या. लिहिलं: "उघडून पुन्हा बंद करायला अंदाजे तीन मिनिटं." आणि पुस्तक पुन्हा टेबलावर ठेवलं.

२० जून

"तीन मिनिटं." एवढंच लिहिलंय. खाली रेघ मारली आहे. रेघ इतकी दाबून मारली आहे की मागच्या पानावर उमटली.

आता मला कळलं हिला काय म्हणायचंय. चार वर्षांत एकदाही तोंडानं म्हणाली नाही, आणि आता कादंबरीच्या समासात म्हणते आहे.

एकदा लिहूनच टाकतो. चार वर्षांपूर्वी एका दुपारी लेक बॅग घेऊन आली होती, सासर सोडून. ही बाजारात गेली होती. मी लेकीला काही विचारलं नाही. तिचा चेहरा बघितला आणि घाबरलो. लोक काय म्हणतील ते होतंच, पण त्याहून जास्त, आता पोरीचं काय करायचं, ही भीती होती. म्हटलं, आज परत गेलीस तर गोष्ट वाढणार नाही. सहा वीसची गाडी आहे. बॅग मी उचलली, स्टॉपवर गेलो, तिला बसवून दिलं. गाडी वेळेवर आली होती. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं, गाडी वेळेवर होती, काही त्रास झाला नाही.

ती तिथे आणखी अडीच वर्षं राहिली. मग एक दिवस ही मला न विचारता गेली आणि तिला घेऊन आली. तिथे काय काय झालं ते हिला माहीत आहे. मला नाही. मी विचारलेलं नाही.

जुलै

काही लिहिण्यासारखं नाही. कादंबरी वाचली. समासात एकही शेरा मारला नाही. हिरवी पेन्सिलही गप्प.

१० ऑगस्ट

हिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ही आज सव्वाआठच्या गाडीनं गेली, महिनाभरासाठी. जाताना मला आणि लेकीला समोरासमोर उभं करून सांगून गेली, "दोघं माणसं आहात, उपाशी राहू नका."

लेक स्वयंपाक करून ठेवते आणि कामावर जाते. मी भांडी घासतो. एका घरात आम्ही दोघं डेपोतल्या दोन पाळ्यांसारखे राहतोय.

१६ ऑगस्ट

आठवं पुस्तक आज संपलं. हिच्यासाठी टेबलावर ठेवायची मला सवय लागली आहे, म्हणून टेबलावर ठेवलं.

३१ ऑगस्ट

पुस्तक परत केलं. हिरव्या पेन्सिलीला पुन्हा कंठ फुटला आहे. पान २१० वर राणी कैदेतून निसटते तिथे मी बऱ्याच दिवसांनी एक शेरा लिहिला होता: "बाहेर पडायला सात वर्षं का लागली? दार तर तिसऱ्या वर्षापासून उघडं होतं." उत्तर आहे: "दार उघडं असलं तरी जायचं कुठे हे माहीत असावं लागतं."

हिला इतकं समजतं, आणि मी हिला आयुष्यभर भाजीचे भाव विचारत बसलो.

१८ सप्टेंबर

ही दहा तारखेला परत आली. दमून आली आहे, म्हणून काही विषय काढला नाही.

नववी कादंबरी एका निर्वासित सरदाराची आहे. तो मुलाला पत्र लिहितो आणि पाठवत नाही. कुठेही वेळेची चूक सापडली नाही. शेवटी एक पान कोरं आहे. बराच वेळ ते कोरं पान उघडून बसलो. मग लिहिलं. जसं लिहिलं तसं इथे उतरवतो, कारण पुस्तक परत जाईल:

"जूनपासून तू जे विचारते आहेस त्याचं उत्तर. दार उघडायला तीन मिनिटंही लागली नसती. मला भीती वाटली आणि मी ती घड्याळामागे लपवली. त्या दिवशी मी चुकलो. हे मला तोंडानं कुणालाही सांगता येत नाही. पोरीला तर नाहीच."

पुस्तक टेबलावर ठेवलं आणि फिरायला गेलो. परत आलो तेव्हा तिथे नव्हतं.

२ ऑक्टोबर

पाच दिवस ताप. उठवत नव्हतं. पुस्तक हीच परत करून आली, त्यामुळे त्या पानावर काही उत्तर आलं की नाही ते बघायला मिळालं नाही. हिच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मला गोळ्या दिल्या, कपाळाला हात लावला, चादर बदलली. वाचून एक शब्दही नाही. इतकं सगळं लिहून दिल्यावर माणसानं निदान "बरं" तरी म्हणावं. हिच्यावर मनातून रागावलो आहे.

लेक दोनदा खोलीत येऊन गेली. "औषध घेतलंत का?" "खिडकी लावू का?" थर्मामीटर स्वतः लावला आणि जरा वेळ उशाशी बसली. या आठवड्यातली वाक्यं अकरा. आजारी माणसाशी सगळेच बोलतात.

७ नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. कुणीतरी तक्रार केली. ग्रंथपालबाईंनी शेरे असलेली आठही पुस्तकं माझ्यासमोर ठेवली. बाई माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण मी शाळेतल्या पोरासारखा उभा होतो.

"काका, हे काय आहे?"

"दुरुस्त्या आहेत."

"आणि हिरव्या?"

"त्या... घरच्या आहेत."

"हे सगळं पुसून आणायचं. पान अन् पान. स्वच्छ झालं तरच शेवटचा शिक्का." मग म्हणाल्या, "घोड्याचं वाचून मी हसले हे मान्य आहे. पण पुसा."

आठ पुस्तकं दोन पिशव्यांत भरून आणली. खांदे गेले.

१२ नोव्हेंबर

रोज खोडरबर घेऊन बसतो. माझं जातं, साधी पेन्सिल आहे. हिरवं मात्र मेणाचं, घासलं की पसरतं. आज लेक दुपारच्या पाळीला निघाली होती, दारात थबकली. "तसं घासू नका. कागद फाटेल." चप्पल काढून परत आत आली, पानाखाली आणि पानावर टिपकागद ठेवला, वरून कोमट इस्त्री फिरवली. मेण टिपकागदात उतरलं. पानावर नुसती फिकट सावली राहिली.

"उद्यापासून सकाळी करत जाईन थोडं थोडं," म्हणाली.

म्हणजे आता रोज सकाळी एक तास ती इस्त्री फिरवणार आणि मी खोडणार असा क्रम ठरला. आईचं लिहिलेलं पुसायला लेक कामाला लागली आहे. आईसाठी एवढं तरी करते म्हणून बरं वाटलं. ही मात्र दारातून बघते आणि आत निघून जाते. मदतीला येत नाही.

१९ नोव्हेंबर

सात पुस्तकं झाली. नववी कादंबरी, ती सरदाराची, लेकीनं बाजूला ठेवली. "हे तुम्ही बघा," म्हणाली, आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

म्हणजे तिनं माझं ते शेवटचं पान वाचलं की काय? पुस्तक कपाटाच्या तळाशी ठेवलं. स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचायचं धैर्य नाही.

९ डिसेंबर

बारावी कादंबरी आणायला गेलो. बाई म्हणाल्या, सात पुस्तकं आली, एक राहिलंय, आणि खणातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. वर्षभरात मी ते पहिल्यांदा पाहिलं. अकरा चौकोनांत अकरा शिक्के. वर दोन ओळी. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसऱ्या ओळीत लेकीचं.

"चुकून लिहिलंय," मी म्हणालो.

"चुकून कसं, त्याच येऊन सही करून गेल्यात जानेवारीत."

घरी कसा आलो ते आठवत नाही. ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, दुसरं माणूस कोण होतं?

"माझे डोळे आहेत का वाचण्याचे?" घडी न थांबवता म्हणाली. "ती आहे हे सांगितलं असतं तर तुम्ही एक अक्षर तरी लिहिलं असतंत का?"

"आणि तिला काय सांगितलंस?"

"सांगितलं की बाबांनीच तुझं नाव दिलंय."

म्हणजे वर्षभर लेकीला वाटत होतं की मी तिलाच लिहितोय. घोडा, जखम, दरवाजा, सगळं; 'पोरीला तर नाहीच' हेसुद्धा तिनं स्वतःलाच लिहिलंय असं धरलं असणार. ऑगस्टमध्ये ही बहिणीकडे असताना हिरवी उत्तरं आली, दहा तारखेला गेलेली बाई सोळाला ठेवलेलं पुस्तक वाचणार कशी? गाड्यांच्या बाबतीत ही चूक मी झोपेतही पकडली असती. घरात मात्र मला दोन तारखा जुळवता आल्या नाहीत.

कपाटातून पुस्तक काढलं. शेवटचं पान. माझ्या लिहिण्याखाली हिरवं लिहिलेलं होतं:

"बाबा, त्या दिवशी सहा वीसची गाडी सहा बत्तीसला आली. बारा मिनिटं आपण दोघं स्टॉपवर उभे होतो. तुम्ही आता काहीतरी म्हणाल, मग आणखी एका मिनिटानं म्हणाल, असं वाटत राहिलं. तुम्ही घड्याळ बघत होतात. सगळं विसरले असं लिहिणार नाही, खोटं होईल. पण तिथे काय झालं ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारा, म्हणजे सांगेन."

खाली तारीख आहे, २४ सप्टेंबर. म्हणजे अडीच महिने ती वाट बघते आहे. तापात उशाशी बसली होती तेव्हाही, इस्त्री फिरवत होती तेव्हाही.

पलंगावर बसलो आणि रडलो. ही आली, दार लोटून घेऊन गेली.

१० डिसेंबर

डेपोत जाऊन त्या दिवसाची नोंदवही बघावी असं सकाळी मनात आलं. जुन्या वह्या अजून असतील. चप्पल घातली आणि काढली. तिचंच बरोबर असणार. बारा मिनिटं मी माझ्या डोक्यातून खोडून टाकली होती, आणि त्याला खोडरबरही लागला नाही.

लेकीची सकाळची पाळी. तिच्या येण्याच्या वेळी दारात उभा राहिलो. ती आली, म्हणाली, "चावी आहे माझ्याकडे." म्हटलं, "हो." इतकंच झालं. इतकी वर्षं न विचारलेलं कुठल्या शब्दानं विचारायचं?

२९ डिसेंबर

बारावी कादंबरी परत केली. सरदाराच्या कादंबरीची नवी प्रत विकत घेऊन दिली आणि सांगितलं, जुनी मिळणार नाही.

बाईंनी जुन्या प्रतीसाठी हात पुढे केला. "काका, नियम आहे. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत स्वच्छ करून परत आली पाहिजे, नाहीतर शेवटचा चौकोन रिकामा राहील."

"राहू दे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कार्डच माझ्या हातात दिलं. अकरा शिक्के आणि एक रिकामा चौकोन. नियमाला मी उलटं उत्तर दिलं असं हिला सांगितलं तर हिचा विश्वास बसणार नाही.

३१ डिसेंबर

लेकीची दुपारची पाळी. जेवण झालं, तिनं पर्स घेतली, दारात चप्पल घालता घालता थांबली. माझ्या टेबलावर ते पुस्तक आणि वर कार्ड होतं. तिनं दोन्हीकडे बघितलं. "पुसलं नाहीत?"

"नाही."

तिनं दुसरी चप्पल घातली. मग म्हणाली, "बाबा, स्टॉपपर्यंत येता?"

गुडघे दुखत होते. गेलो. स्टॉपवर तोच बाक आहे, रंग नवीन दिलाय. घड्याळ मी घरीच ठेवलं होतं, मुद्दाम. दोघं उभे राहिलो. गाडी दिसत नव्हती. मी विचारलं, "तिथे काय झालं, बाळा?"

ती रस्त्याकडे बघत होती. मग सांगायला लागली, अगदी पहिल्या दिवसापासून, हळू आवाजात, कुणाचा तरी तपासणीचा रिपोर्ट वाचावा तशी. मी ऐकत राहिलो. मध्ये गाडी आली. कंडक्टर मला ओळखतो, "काका, येताय का?" म्हणाला. लेकीनं मानेनं नको म्हटलं. "दुसरी येईल," म्हणाली, आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगू लागली.

दुसरी गाडी किती वाजता आली ते मला माहीत नाही.